रोज दहा डाव खेळूनही रेटिंग हलत नाही? मग जुन्या मास्टर्सचे डाव उघडा

रात्री अकरा वाजले की मोबाइलवर तीन मिनिटांचा डाव सुरू होतो. हरला की लगेच दुसरा, मग तिसरा. महिना संपतो, शेकडो डाव होतात आणि रेटिंग होतं तिथेच असतं. ऑनलाइन बुद्धिबळ खेळणाऱ्या बऱ्याच जणांची हीच रड आहे.

यावरचा उपाय जुना आहे आणि काहींना कंटाळवाणाही वाटेल: स्वतःचे डाव कमी खेळायचे आणि मोठ्या खेळाडूंचे डाव पटावर मांडून बघायचे.

सांगलीला ही गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. नूतन बुद्धिबळ मंडळ आणि भाऊसाहेब पडसलगीकर या दोन नावांमुळे हे शहर बुद्धिबळाच्या नकाशावर आलं. भाग्यश्री साठे-ठिपसे आणि स्वाती घाटे या इथूनच पुढे आल्या. भाग्यश्री पाच वेळा महिलांच्या राष्ट्रीय विजेत्या झाल्या आणि १९९१ मध्ये आशियाई विजेत्या. स्वाती वुमन ग्रँडमास्टर झाल्या. मुंबई-पुण्यासारखी साधनं नसलेल्या शहरातून हे घडलं, तेही संगणक घरोघरी येण्याआधी सुरू झालेल्या परंपरेतून. त्या काळात शिकायचं म्हणजे छापील डाव समोर ठेवायचा, पट मांडायचा आणि एकेक चाल करत जायचं.

पण दुसऱ्याचा डाव बघून आपला खेळ कसा सुधारेल?

विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या अमेरिकन संशोधकांचा १९७३ मधला प्रयोग याबाबत प्रसिद्ध आहे. खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवायची, मग पट झाकायचा आणि आठवणीने मोहरे मांडायला सांगायचे. मास्टरने बरेचसे मोहरे जागच्या जागी ठेवले, नवख्याला चारेक जमले. मग मोहरे पटावर कसेही विखरून ठेवले, तेव्हा मास्टरची ही आघाडी जवळपास संपली. म्हणजे मास्टरची स्मरणशक्ती जगावेगळी नसते. त्याने खऱ्या डावांतल्या रचना इतक्या वेळा पाहिलेल्या असतात की सहा-सात मोहरे त्याला एकच चित्र म्हणून दिसतात, जसा आपल्याला ‘सातारा’ हा शब्द अक्षरं न जुळवता वाचता येतो. ही चित्रं चांगल्या डावांतूनच जमतात. तीन मिनिटांच्या डावात दोन्हीकडून चुकाच होत असतील, तर डोक्यात त्याच साठतात.

२००५ मध्ये नील चार्नेस आणि सहकाऱ्यांनी खेळाडूंच्या सवयी तपासल्या. स्पर्धा किती खेळल्या यापेक्षा एकट्याने बसून किती गंभीर अभ्यास केला, याचा खेळाच्या दर्जाशी अधिक घट्ट संबंध दिसला.

आता नेमकं करायचं काय? व्हिडिओ लावून चहा पीत डाव बघणं हा अभ्यास नाही. ती करमणूक आहे आणि तिला कोणाची हरकत नाही. अभ्यासात पुढची चाल झाकावी लागते. आपण काय खेळलो असतो ते कारणासकट वहीत लिहायचं, मगच मास्टरची चाल उघडायची. जिथे दोन्ही जुळत नाहीत, तिथे थांबायचं. एका डावाला तास लागला तरी चालेल.

उदाहरण म्हणून पॉल मॉर्फीचा १८५८ चा पॅरिसमधला डाव घ्या. ऑपेरा हाउसमध्ये ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर हे दोघं मिळून त्याच्याविरुद्ध खेळत होते. डाव फक्त १७ चालींचा. आठव्या चालीपाशी पान झाका. मॉर्फीच्या वजिराला बी७ वरचं प्यादं मारता येतंय. आपल्यापैकी बहुतेक जण ते मारतील. ती चाल चूकही नाही. पण समोरचा बी४ वर वजीर आणून शह देतो, वजिरांची मारामारी होते आणि डाव थंडावतो. मॉर्फी प्यादं सोडून घोडा सी३ वर काढतो. त्याला एक प्यादं जास्त नको होतं, सगळे मोहरे मैदानात हवे होते. शेवटी तो बी८ वर वजीरच देऊन टाकतो आणि पुढच्या चालीला हत्तीने मात करतो. तेव्हा काळ्याचा एक उंट आणि एक हत्ती घरातून हललेलेही नसतात.

हे एकदा स्वतः चुकून शिकलं की ‘मोहरे लवकर बाहेर काढा’ हे वाक्य कोणी वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

सुरुवात कार्लसनच्या डावांपासून करावी असं अनेकांना वाटतं. पण आजच्या डावांत समोरचाही तेवढाच तयार असतो. दोघं एकमेकांचे बेत आधीच हाणून पाडतात, त्यामुळे डावात जे घडलंच नाही तेच समजून घ्यावं लागतं. मॉर्फी किंवा कापाब्लांकाच्या डावांत बेत शेवटपर्यंत तडीस जाताना दिसतो. नवख्यासाठी तेच बरे.

इंजिनाचं काय? ते शेवटी सुरू करा. चाल चूक की बरोबर हे इंजिन आकड्यात सांगतं, का ते तुमच्या भाषेत सांगत नाही. आधी उत्तर बघितलं की डोकं चालणं थांबतं, हे गणिताच्या गाइडमुळे आपल्याला शाळेपासून माहीत आहेच.

यावर कोणी सुलतान खानचं नाव पुढे करेल. भारतीय पद्धतीने खेळत वाढलेल्या या माणसाचा पुस्तकी अभ्यास नव्हताच, तरी त्याने १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत कापाब्लांकाला हरवलं आणि तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलं. खरं आहे. पण त्याची दुखरी बाजू डावाची सुरुवात हीच होती. पुस्तकातून मिळालं असतं ते त्याला प्रत्येक वेळी पटावर बसून शोधावं लागे.

साताऱ्याच्या किंवा जतच्या मुलाला आज हे डाव मिळवायला पैसे लागत नाहीत. लीचेस या मोफत साइटवर मास्टर्सच्या डावांचा मोठा साठा आहे आणि डाव सेव्ह करून त्यावर स्वतःच्या नोंदी लिहिता येतात. फक्त तिथल्या इंजिनाचं बटण आधी बंद करा. मॉर्फीनंतर कापाब्लांका विरुद्ध टार्टाकोव्हर, न्यूयॉर्क १९२४ हा डाव घ्या. हत्तींच्या अंतिम खेळात कापाब्लांका शह खात दोन प्यादी सोडून देतो आणि राजाला थेट शत्रूच्या गोटात, एफ६ वर नेतो. ३५ व्या चालीपाशी पान झाका.