घरातली पहिली बेस गिटार

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण आपण शिकाऊ माणसाला फार सहज ऐकवतो. आम्हीही ती आमच्या घरात ऐकवली आणि पुढे तिचा पश्चात्ताप केला. त्या पश्चात्तापातूनच आजचा विषय सुचला आहे.

आपल्या उपनगरांत, अंधेरी-बोरिवलीकडे काय किंवा घाटकोपर-मुलुंडकडे काय, घरातले एखादे मूल बेस गिटारचा हट्ट धरते, तेव्हा वडीलमाणसांना दोन प्रश्न पडतात. हे वाद्य तरी कसले? आणि स्वस्तातले घेतले तर चालेल काय? या दोहोंची उत्तरे यथाशक्ती द्यावी, एवढाच आमचा हेतू आहे.

पहिल्याचे उत्तर आपल्या मैफलीतच आहे. तबला ऐकताना आपले लक्ष उजव्या हाताच्या बोलांकडे असते. पण डग्गा थांबला की ठेका एकदम पोरका होतो. तंबोऱ्याच्या खर्जाचेही तेच. पाश्चात्त्य धर्तीच्या वाद्यवृंदात हे काम बेसकडे असते. लय धरून ठेवायची आणि इतरांच्या स्वरांना पायाखाली जमीन द्यायची, असे त्याचे दुहेरी कर्तव्य आहे. पूर्वी ते माणसाएवढ्या उंचीच्या डबल बेसकडे होते. तो वाहून नेणे कठीण, आणि मोठ्या वाद्यमेळात त्याचा आवाजही बुडून जाई. यावर उपाय म्हणून १९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. विजेवरच्या बेसचे प्रयत्न त्याआधीही झाले होते. पण जगभर पसरला तो हा नमुना. ‘प्रिसिजन’ म्हणजे अचूकपणा. दांडीवर पक्के पडदे बसवलेले, तेव्हा बोट ठेवले की स्वर नेमका लागावा, असे ते वचन होते. हे वचन श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचाच हिशेब करायचा आहे.

मुंबईनेही हे वाद्य आपलेसे केले. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ यांच्या बेसवर आपण नकळत माना डोलावल्या आहेत. १९९६ साली जन्मलेल्या मोहिनी डे या मुंबईच्याच. बेसवादक वडील सुजॉय डे यांच्याकडे शिकून त्यांनी या वाद्यावर देशाबाहेरही नाव मिळवले. तेव्हा हे मुलींचे वाद्य नव्हे, असे कोणी म्हणू नये.

आता रचना पाहू. तारा चार, जाडीकडून ई, ए, डी, जी. जाड तारेला षड्ज मानले तर पुढची तार तिच्या मध्यमावर, तिच्या पुढची पुन्हा तिच्या मध्यमावर, असा क्रम. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. तारांखाली लोहचुंबक आणि बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते; त्याला पिकप म्हणतात. पोलादी तार हलली की वेटोळ्यात क्षीण वीज उत्पन्न होते आणि ध्वनिवर्धक ती मोठी करतो. वाद्याचे अंग भरीव लाकडाचे असल्यामुळे वर्धक जोडला नाही, तर आवाज फारसा निघतच नाही.

नव्याने शिकणाऱ्यासाठी असे वाद्य आज साधारण १०,००० ते २०,००० रुपयांत मिळते. आमच्याकडे अशीच एक आली. मुलगी रोज तासभर बसे. पण वरचे स्वर चढे लागत, बोटे सोलून निघत. “तुला सुराचा कानच नाही,” असे आम्ही बोलून गेलो. तीन महिन्यांत वाद्य कपाटाशेजारी उभे राहिले. पुढे एक जाणते वादक घरी आले. त्यांनी दांडीवरून नुसती नजर टाकली, दोन स्वर छेडले आणि म्हणाले, “काका, मुलीचा कान चांगला आहे, म्हणूनच तिला त्रास झाला. खोटे बोलते आहे ते वाद्य.” म्हणजे अंगण खरेच वाकडे होते!

दोष कोणता, तो समजून घेऊ. तार पडद्यावर दाबली की थोडी ताणली जाते आणि तेवढा स्वर चढतो. तार दांडीपासून जितकी उंच, तितका ताण अधिक. म्हणून प्रथम दांडी पाहावी. चार तारांचा एकत्र ओढा सुमारे ७० ते ८० किलो वजनाइतका असतो. त्याने दांडी पुढे वाकू नये यासाठी तिच्या पोटात पोलादी सळई असते. ती एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये. नंतर घोडीवरचे स्क्रू फिरवून तार उतरवावी. बाराव्या पडद्याशी दोन-अडीच मिलिमीटर अंतर पुष्कळ झाले. शेवटी बाराव्या पडद्यावर बोट हलके टेकवून एक स्वर काढावा आणि मग तार दाबून दुसरा. दोन्ही एकच यायला हवेत. दाबलेला चढा आला तर घोडीवरचा त्या तारेचा टेकू मागे सरकवावा, उतरला तर पुढे घ्यावा. सारे काम तासाभराचे. आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरते, म्हणून हे वर्षातून दोनदा पाहावे आणि वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्या.

दुसरी अडचण शेजाऱ्यांची. जाड तारेच्या स्वराची ध्वनिलहर आठ मीटरांहून लांब, आणि आपली खोली दहा-बारा फुटांची! असा खर्ज भिंतीला जुमानत नाही. वरच्या मजल्यावरच्या आजींची झोप तो सहज मोडतो. म्हणून आरंभी मोठ्या वर्धकावर पैसे घालू नयेत. हेडफोन जोडता येईल असे लहान यंत्र पुरते. जुन्या इमारतीत वाद्य जोडताच गुणगुण ऐकू आली, तर वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. आपल्या विजेची आवर्तने सेकंदाला ५०, आणि जाड तारेच्या तिसऱ्या पडद्याचा स्वर ४९ चा. दोघे शेजारी आले की स्वर ओळखणे नवख्याला अवघड जाते.

राहिले वादन. पहिला महिना बोटांची धावपळ नको. केरव्याच्या आठ मात्रा मोजाव्या, पहिल्या व पाचव्या मात्रेवर गाण्याचा मूळ स्वर द्यावा आणि बाकीच्या मात्रांत गप्प राहण्याची सवय करावी. ही सवय सर्वांत कठीण. एखादी आरती किंवा भावगीत घरातल्या कोणी म्हणावे आणि मुलाने त्याखाली एवढेच वाजवावे. गाणारा सुखाने गाऊ लागला की समजावे, बेस वाजू लागला.

आमच्या मुलीने वाद्य पुन्हा हाती घेतले, पण मधले सहा महिने गेले ते गेलेच. पैसे थोडे असणे हा दोष नव्हे. वाद्य स्वस्त घ्यावे. मात्र मुलाच्या कानाला बोल लावण्यापूर्वी एकदा बारावा पडदा तपासून पाहावा.