महागडे वेप : पैसे नेमके कशाचे?

मंडईत भाजी घेताना आपल्या घरातल्या बायका भेंडीचे टोक मोडून पाहतात, कोथिंबिरीची जुडी उलटी करून आत पिवळी पाने नाहीत ना ते बघतात, आणि मगच भाव करतात. दहा-वीस रुपयांच्या भाजीसाठी एवढी पारख करणाऱ्या घरात हजारो रुपयांची एक वस्तू कुणालाही न दाखवता, न विचारता येऊ लागली आहे. तिचे नाव वेप, म्हणजेच ई-सिगारेट. मुलाच्या दप्तरात किंवा पँटच्या खिशात ती सापडते, तेव्हा पुष्कळ आई-वडिलांना तो पेन ड्राइव्ह वाटतो, नाहीतर अत्तराची नवी बाटली.

पकडला गेलेला मुलगा बहुतेक वेळा एकच उत्तर देतो, "अम्मी, हा साधा नाही, चांगल्या कंपनीचा आहे. याने काही होत नाही." महाग आहे, नावाजलेला आहे, म्हणून निर्धोक आहे, असा त्याचा हिशेब असतो. तो हिशेब आज आम्ही तपासून पाहणार आहोत.

यंत्राच्या आत काय असते?

वेप साधा असो वा महागडा, आतली रचना एकच. एक बॅटरी, तारेचे एक छोटे वेटोळे, त्याला लागून कापूस आणि कापसात मुरलेला द्रव. झुरका घेतला की वेटोळे तापते, द्रवाची वाफ होते आणि ती छातीत जाते. द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, आंबा-पुदिन्यासारखे स्वाद आणि बहुधा निकोटिन असते. चीनमधील औषधनिर्माते होन लिक यांनी या शतकाच्या सुरुवातीला आजच्या स्वरूपाची ई-सिगारेट बनवली. सिगारेट ओढणाऱ्याला धुराविना निकोटिन मिळावे, ही त्यामागची कल्पना होती.

मग महाग यंत्रात जास्तीचे काय मिळते? खरे ते सांगायला हवे. चांगल्या यंत्रात उष्णता आटोक्यात ठेवणारी चिप असते, बॅटरीला संरक्षण असते, द्रव गळत नाही, कापूस सहसा करपत नाही. यंत्र म्हणून ते स्वस्त यंत्रापेक्षा सरस असते, यात वाद नाही. पण छातीत जाते ती वाफ, यंत्र नव्हे. आणि त्या वाफेतले निकोटिन धातूच्या चकचकीत डब्यातून आले म्हणून सौम्य होत नाही.

उलट एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नव्या वेपमध्ये निकोटिन क्षाराच्या रूपात असते. त्यामुळे घशाला ठसका लागत नाही. बिडीचा पहिला झुरका मुलाला खोकायला लावतो आणि पुष्कळदा तिथेच थांबवतो. इथे ते थांबणेच राहत नाही. अमेरिकेत गाजलेल्या जूल या वेपच्या एका कांडीत पाऊण मिलिलिटरहून कमी द्रव होता, पण त्यातले निकोटिन साधारण सिगारेटच्या एका पाकिटाएवढे असल्याचे कंपनीच सांगत असे. युरोपीय संघाने एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. जूलच्या अमेरिकी कांडीत ते प्रमाण सुमारे ५९ होते.

नावाची किंमत

'चांगली कंपनी' या शब्दांची किंमत बघायची तर जूलचेच उदाहरण घ्यावे. हा वेप २०१५ साली बाजारात आला आणि बघता बघता अमेरिकेतील शाळांच्या स्वच्छतागृहांत पोहोचला. २०१८ च्या डिसेंबरात अल्ट्रिया या बड्या सिगारेट कंपनीने त्यातला ३५ टक्के हिस्सा १,२८० कोटी डॉलरना घेतला. शाळकरी मुले त्याच्या नादी लागल्यावरून खटले उभे राहिले, तडजोडीपोटी कोट्यवधी डॉलर मोजावे लागले. २०२२ अखेर त्याच हिश्श्याची किंमत २५ कोटी डॉलरवर आली आणि २०२३ मध्ये अल्ट्रियाने तो सोडून दिला. कंपनीचे नाव वर गेले आणि खाली आले. त्या काळात ज्यांना सवय लागली, त्या मुलांची सवय मात्र नावाबरोबर उतरली नाही.

पावती नाही, दाद नाही

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. भारतात ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे. सप्टेंबरात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. बनवणे, आयात करणे, विकणे, पोहोचवणे, जाहिरात करणे, सगळे गुन्हे आहेत. पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. माल साठवणाऱ्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. निकोटिन नसलेला वेप आणि ई-हुक्काही याच कायद्यात येतो. म्हणून मित्रांसाठी चार नग आणून देणारा मुलगा स्वतःला मदतनीस समजत असला, तरी कायद्याच्या भाषेत तो विक्रेता ठरू शकतो. हे त्याला आधीच सांगितलेले बरे.

बंदीच्या मालाला पावती नसते. मंडईत वजनात मारले तर आपण तराजूकडे बोट दाखवतो, चार माणसे गोळा होतात. इथे अस्सल काय आणि नक्कल काय, हे विचारायचे कुणाला? डब्यावरचे चिन्ह, होलोग्राम, क्यूआर कोड, सगळ्याची नक्कल होते. महाग वस्तूची नक्कल आधी होते, कारण नफा तिथेच असतो.

२०१९ मध्ये अमेरिकेत वेप ओढणाऱ्यांना फुप्फुसाचा गंभीर आजार झाला. २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ जण दगावले. बहुतेकांनी गांजातील नशेचा अंश असलेल्या कांड्या वापरल्या होत्या, त्यातल्या पुष्कळ चोरट्या मार्गाने आलेल्या. त्यांत मिसळलेल्या ई जीवनसत्त्वाच्या तेलकट रूपाकडे मुख्य संशय गेला. यंत्र कितीही चांगले असले, तरी आतला द्रव कुणी भरला हे ठाऊक नसेल तर त्याचा उपयोग काय?

थोडा हिशेब

समजा, यंत्र साडेतीन हजारांचे आणि महिन्याच्या कांड्या दोन हजारांच्या. वर्षाचे साडेसत्तावीस हजार झाले. एवढ्यात एखाद्या क्लासची फी भागते, एखादा चांगला मोबाईल येतो. आपण याला इसराफ म्हणतो.

ज्या वास्तूला आज आपण महात्मा फुले मंडई म्हणतो, ती १८८६ साली 'रे मार्केट' या नावाने उघडली. तिच्या बांधकामाच्या खर्चाला नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुले यांनी विरोध केला होता. हा पैसा शिक्षणाकडे वळवा, असे त्यांचे म्हणणे होते. मंडई उपयोगाची होती, तरी हा प्रश्न विचारला गेला. वेपच्या बाबतीत तो घरोघर विचारायला हरकत नाही.

घरात काय करावे?

सिगारेट सोडण्यासाठी वेपचा उपयोग होतो, असे ब्रिटनमधील आरोग्यसेवा प्रौढ धूम्रपान करणाऱ्यांना सांगते, आणि त्याला संशोधनाचा आधार आहे. पण ते सिगारेटला जखडलेल्या मोठ्या माणसांसाठी आहे, तेही तपासलेल्या मालाबाबत. ज्या मुलाने कधी सिगारेट ओढलीच नाही, त्याला त्यातून सोडायचे काहीच नसते. तिथेही एकदा वापरून फेकायच्या वेपवर जून २०२५ पासून बंदी आली आहे.

वेप सापडला तर आरडाओरडा करू नये, मारझोड तर मुळीच नको. मोहल्ल्यात बोभाटा झाला की मुलगा सवय सोडत नाही, फक्त लपवायला शिकतो. कधीपासून, दिवसातून किती वेळा, पैसे कुठून, हे शांतपणे विचारावे. सोडताना पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप उडते, अभ्यासात लक्ष लागत नाही. हे निकोटिन उतरत असल्याचे लक्षण आहे, बदतमीजी नव्हे. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत सेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे. गरज पडल्यास डॉक्टरांना दाखवावे.

रमजान ही चांगली संधी आहे. मुद्दाम ओढलेल्या धुरासारखी ही वाफही रोजा तोडते, असे उलेमा सांगतात. जो मुलगा सेहरीपासून इफ्तारपर्यंत तेरा-चौदा तास वेपविना राहतो, त्याला आपण राहू शकतो हे कळलेले असते. इफ्तारनंतरचा पहिला तास त्याला एकटे सोडू नये, तरावीहला बरोबर न्यावे.

आणि मोठ्यांनी आपल्याकडेही बघावे. अब्बांच्या खिशात सिगारेटचे पाकीट, दादीच्या डबीत मिश्री, मामूंच्या गालात तंबाखू, आणि मुलाला मात्र वेपवर व्याख्यान, हे त्याच्या गळी उतरत नाही. मिश्री हीदेखील भाजलेली तंबाखूच. 'आपण दोघे मिळून सोडू' असे वडील म्हणाले, तर मुलगा ऐकण्याची शक्यता कितीतरी वाढते. त्या वाक्याला एक पैसाही पडत नाही, पण ते म्हणायला वडिलांना आधी स्वतःचे पाकीट बाहेर काढून ठेवावे लागते.