फुलांची रातपाळी

पाळी हा शब्द आमच्या रोजच्या व्यवहारातला आहे. पहिली, दुसरी आणि रातपाळी यांचे हिशेब मांडण्यात आम्हां कामगार संघटनेच्या माणसांची हयात जाते. परंतु आपल्या परसदारीही एक रातपाळी चालू असते आणि तिच्याकडे आपण केवळ शोभा म्हणून पाहतो. रातराणी, निशिगंध, मोगरा, पारिजातक ही फुले दिवसा मिटलेली तरी असतात किंवा मुकी तरी. दिवेलागण झाली की त्यांचा दरवळ सुरू होतो. हा दरवळ कोणासाठी, आणि तो रात्रीच का?

तो आपल्यासाठी नव्हे, हे प्रथम सांगितले पाहिजे. झाडाला जागचे हलता येत नाही. एका फुलातील पराग दुसऱ्या फुलापर्यंत पोहोचवायचा तर कोणाला तरी कामावर बोलवावे लागते, आणि त्याची मजुरी मधाच्या रूपाने मोजावी लागते. दिवसा हे काम मधमाश्या आणि फुलपाखरे करतात. रात्री पतंग बाहेर पडतात. काळोखात तांबडा-जांभळा रंग उठून दिसत नाही, म्हणून रात्रीची फुले बहुधा पांढरी किंवा फिकट असतात. आणि जिथे नजर पोहोचत नाही तिथे गंध पोहोचतो. रातराणीचे फूल पाहा. हिरवट पांढरी, बोटाच्या पेराएवढी बारीक नळी. रूप म्हणाल तर काही नाही. पण मध त्या नळीच्या तळाशी आहे, आणि तिथवर पोहोचायला पतंगाची लांब सोंडच हवी. मादागास्कर बेटावरील एका ऑर्किडची मधनळी तर सुमारे एक फूट लांब असते. तेवढ्याच लांब सोंडेचा पतंग तिथे असला पाहिजे, असे डार्विनने १८६२ साली लिहिले, तेव्हा काही कीटकशास्त्रज्ञांनी त्याची थट्टा केली. तसा पतंग शास्त्राच्या दप्तरी नोंदला गेला तो १९०३ साली, डार्विनच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी.

आता वेळेचा प्रश्न. काळोख पडला म्हणून फूल गंध सोडते, असे वाटणे साहजिक आहे. पण १७२९ साली दे मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूच्या जातीचे झाड अंधारात ठेवून पाहिले, तरी त्याची पाने ठरल्या वेळी उघडत आणि मिटत राहिली. रातराणीवरील तशाच प्रयोगांचा वृत्तान्त १९६० साली प्रसिद्ध झाला. तिचे उमलणे आणि गंधाची भरती-ओहोटी यांचा ताल तिच्या आतच आहे, असे त्यात आढळले. थोडक्यात, भोंगा बाहेर नाही, झाडाच्या अंगात आहे.

या भोंग्यावर माणसांचीही पोटे चालतात. मोगऱ्याची कळी संध्याकाळनंतर उमलते, आणि बाजारात मोल आहे ते कळीला. म्हणून पालघर जिल्ह्यात जव्हार-विक्रमगडकडे सकाळी लवकरच कळ्या खुडल्या जातात आणि मुंबईला दादरच्या फुलबाजाराची वाट धरतात. मोगऱ्याची खोड अशी की खुडल्यावरही तो गंध तयार करीत राहतो. उत्तर भारतातील कारागिरांनी त्याचा उपयोग केला: तिळांच्या थरांत ताजी फुले पसरायची, शिळी झाली की बदलायची, आणि गंध पुरेसा मुरला की ते तीळ घाण्यात घालून सुगंधी तेल काढायचे.

घड्याळ माणसाच्या शरीरातही आहे. पण फुलाचे घड्याळ रात्री काम मागते, आपले झोप मागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली शरीराचे घड्याळ बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाला कर्करोगाच्या संभाव्य कारणांत घातले, आणि २०१९ साली रातपाळीविषयी तोच निर्वाळा पुन्हा दिला. सभासदांच्या झोपेच्या आणि पोटाच्या तक्रारी आम्ही वर्षानुवर्षे मालकांपुढे मांडत आलो, त्यामागे हे घड्याळ आहे. रातपाळीचा भत्ता आणि पाळीनंतरची पुरेशी विश्रांती ही मेहेरबानी नव्हे, झिजेची भरपाई आहे.

फुलांच्या रातपाळीवर संकट आहे ते उजेडाचे. स्वित्झर्लंडमध्ये काही कुरणांवर मुद्दाम रात्री दिवे लावून पाहणी केली गेली. २०१७ साली प्रसिद्ध झालेले तिचे आकडे सांगतात की दिव्यांखाली कीटकांच्या रात्रीच्या फेऱ्या ६२ टक्क्यांनी घटल्या. तिथल्या एका फुलझाडाला दिवसा कीटकांची वाण नव्हती, तरीही त्याची फळधारणा १३ टक्क्यांनी कमी झाली. रात्रीच्या मजुरांचे काम दिवसाच्या मजुरांनी भरून निघाले नाही.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच की अंगणात रातराणी लावली असेल तर तिच्यावर रात्रभर दिवा ठेवू नये. दिवा मालवून थोडे थांबावे. नशिबात असेल तर पतंगही येताना दिसतील. आणि दुसऱ्या पाळीहून घरी परतणारा कोणी त्या वासाने आपल्या फाटकाशी घटकाभर रेंगाळला, तर त्याला रेंगाळू द्यावे.