झालं का काम?
एडब्ल्यूएस लॅम्डाचं साधं फंक्शन फार तर १५ मिनिटं चालतं. असिंक्रोनस पद्धतीनं सुरू केलं, तर हाती पडतो नुसता २०२ हा कोड, म्हणजे जणू पोचपावती. निकाल एस३ किंवा डायनॅमोडीबीत साठवायची सोय आपली आपणच करायची. अझूरची ड्युरेबल फंक्शन्स इथे जास्त समंजस वाटतात. २०२ बरोबरच ती स्टेटसची लिंक देतात. ती उघडली की ‘रनिंग’, ‘कम्प्लिटेड’ किंवा ‘फेल्ड’ कळतं. काम संपलं असेल, तर आउटपुटही तिथंच. (लिंकमध्येच किल्ली असते, ती कुठंही चिकटवू नका!) एडब्ल्यूएसच्याच स्टेप फंक्शन्सचा स्टँडर्ड वर्कफ्लो वर्षभर चालू शकतो, संपल्यावर त्याचा तपशील मात्र ९० दिवसच मिळतो.