विमानात बसण्याआधीच्या रांगा

एखादी भारतीय पलटण संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत दक्षिण सुदानला निघणार असं ठरलं, की जवानाच्या घरी विमानाची आणि निळ्या टोपीची चर्चा सुरू होते. जवानाच्या वाट्याला मात्र आधी येतात त्या रांगा. लसीची रांग, दातांच्या डॉक्टरची रांग, फोटोची, बोटांच्या ठशांची, किटची आणि त्याच त्या माहितीचे फॉर्म पुन्हा पुन्हा भरण्याची. 1950 मध्ये 60 पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स कोरियाला गेली, तेव्हापासून स्वतंत्र भारताचे सैनिक अशा परदेशी मोहिमांवर जात आले आहेत. या प्रत्येक रांगेला काही ना काही कारण आहे. ते कारण जवानाला आणि त्याच्या घरच्यांना कुणी शांतपणे सांगत नाही, म्हणून ते इथे सांगतो.

सगळ्याची सुरुवात होते नॉमिनल रोलपासून, म्हणजे जाणाऱ्यांच्या यादीपासून. संयुक्त राष्ट्रांच्या मानकात पायदळाची पलटण साधारण 850 जणांची धरली जाते. यादीत नाव, हुद्दा, नंबर, रक्तगट आणि जवळचा नातेवाईक एवढं असतं. पुढे लस, तिकीट, ओळखपत्र, रायफल यांचं जे काही होतं, ते याच यादीवरून. एका अक्षराची चूक इथे राहिली तर ती ओळखपत्रावर जाते, विमानाच्या यादीत जाते आणि नंतर प्रत्येक ठिकाणी वेगळी दुरुस्त करावी लागते. क्लार्क चौथ्यांदा नाव विचारतो तेव्हा कंटाळा येणं साहजिक आहे, पण त्याचं ते विचारणं बरोबर असतं.

मग वैद्यकीय तपासणी. सैन्यात तंदुरुस्तीचा दर्जा ‘शेप’ (SHAPE) या पाच इंग्रजी अक्षरांनी ठरतो: मन, कान, हातपाय, एकूण शारीरिक क्षमता आणि डोळे. पाचही बाजूंनी पूर्ण तंदुरुस्त असलेला जवान शेप-1. परदेशी मोहिमेआधी या जुन्या नोंदीवर विसंबून राहत नाहीत, नव्याने तपासतात. दातांचं उदाहरण घ्या. छावणीत दाढ दुखली तर लष्करी रुग्णालय जवळ असतं. दक्षिण सुदानमधल्या दूरच्या चौकीवर पलटणीचा लहान दवाखाना असतो, शस्त्रक्रियेची सोय त्याच्या वरच्या रुग्णालयात आणि त्याहून मोठे उपचार बहुधा देशाबाहेर. एका दाढेसाठी हेलिकॉप्टर मागवायची वेळ येऊ शकते. म्हणून किडलेला दात इथेच भरून घ्यायचा.

जखमी सैनिकासाठी संयुक्त राष्ट्रांचा हिशेब आहे 10-1-2: दहा मिनिटांत प्रथमोपचार, तासाभरात प्रगत उपचार, दोन तासांत शस्त्रक्रिया. पहिल्या दहा मिनिटांत डॉक्टर पोहोचेलच असं नाही, शेजारचा जवान मात्र तिथे असतो. रक्तस्राव थांबवण्याची पट्टी बांधायला प्रत्येकाला शिकवतात, आणि जो चुकतो त्याच्याकडून पुन्हा करून घेतात.

पीतज्वराची लस हा या टप्प्यातला सर्वांत काटेकोर भाग. ही जिवंत, पण दुर्बळ केलेल्या विषाणूची लस आहे. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी आहे का, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू आहेत का, हे आधी विचारावं लागतं. प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी वैध होतं, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात दंड पुढे करून भागत नाही. त्यावर लसीचा बॅच क्रमांक, सही आणि केंद्राचा शिक्का लागतो. 2016 पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं.

याबाबत आपला देश इतका कडक का आहे, तेही समजून घ्यायला हवं. पीतज्वर भारतात नाही. पण तो पसरवणारा एडिस डास, डेंग्यूचाच डास, आपल्या गावागावांत आहे आणि लोकांना या रोगाविरुद्ध संरक्षण नाही. आजारी माणूस एकदा आत आला तर पुढचं काम तो डास करील. म्हणून पीतज्वराच्या देशातून वैध प्रमाणपत्राशिवाय आलेल्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवता येतं. अर्ध्या मुदतीत सुट्टीवर येणाऱ्या जवानालाही हाच नियम. ते पिवळं कार्ड, म्हणजे हेच प्रमाणपत्र, हरवलं तर सुट्टीतले सहा दिवस विलगीकरणात जाऊ शकतात.

वर्गातल्या शिकवणीला बरेच जण झोप आणणारी म्हणतात. मला ती सगळ्यात मोलाची वाटते. मोहिमेआधीचं मूळ प्रशिक्षण सर्व देशांच्या सैनिकांना सक्तीचं आहे. भारतात या विषयाचं केंद्र 2000 पासून दिल्लीत आहे. सीमेवर लढायला शिकलेल्या माणसाला इथे वेगळी शिस्त अंगी बाणवायची असते. यजमान पक्षांची संमती, निःपक्षपातीपणा आणि स्वसंरक्षण किंवा सोपवलेलं काम यांखेरीज बळाचा वापर नाही, ही तिची तीन तत्त्वं. 2013 च्या डिसेंबरमध्ये दक्षिण सुदानच्या राजधानीत, जुबात, हिंसाचार उसळला तेव्हा हजारो नागरिक जीव मुठीत धरून संयुक्त राष्ट्रांच्या तळांवर आले. अशा वेळी फाटकावरच्या जवानाने काय करायचं, याचा निर्णय दिल्लीला विचारून होत नाही. गोळी कधी झाडायची आणि कधी नाही, हे त्याला आधीच पाठ असावं लागतं. स्थानिक स्त्रिया आणि मुलांच्या लैंगिक शोषणाबाबतचे 2003 चे सक्त नियमही इथेच शिकवले जातात. त्यांवर सही करताना कुणी घाई करू नये.

इकडे क्वार्टरमास्टरच्या गोदामात दुसरीच लढाई चालू असते. सरकार आणि संयुक्त राष्ट्रं यांच्यात करार होतो आणि कोणती किती वाहनं, जनित्रं, तंबू, स्वयंपाकाची साधनं न्यायची ते त्यात लिहिलेलं असतं. सैनिकांमागे सरकारला दरमहा परतफेड मिळते. 2018 मध्ये हा दर दरडोई 1,428 डॉलर ठरला, पुढे थोडा वाढला. साधनांचे पैसे वेगळे, आणि ते साधन चालू स्थितीत असेल तरच. एका गटातली दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाहनं बंद पडली की कपात सुरू. पलटण पोहोचल्यावर पहिल्या महिन्याभरात निरीक्षक यादी हातात घेऊन प्रत्येक वस्तू मोजतात. म्हणून निघण्याआधी वाहनं पांढरी रंगवून त्यांवर काळी अक्षरं काढायची, चाकांतला चिखल धुवायचा आणि लाकडी खोक्यांवर कीडमुक्तीचा शिक्का आहे का ते पाहायचं. दारूगोळा समुद्री वाहतुकीच्या धोकादायक मालाच्या नियमांप्रमाणे वेगळा बांधायचा. दक्षिण सुदानला समुद्र नाही. जड सामान जहाजाने केनियातल्या मोंबासा बंदरात उतरतं आणि युगांडातून रस्त्याने पुढे जातं. पावसाळ्यात तिकडचे कच्चे रस्ते महिनोन्‌महिने बंद होतात, तेव्हा कंटेनर वेळेत निघाला नाही तर जवान आधी पोहोचतो आणि त्याचं सामान मागे अडकतं.

आता शेवटची रांग, जी सर्वांत घाईत उरकली जाते: कुटुंबाच्या कागदांची. 9 एप्रिल 2013 रोजी दक्षिण सुदानच्या जोंगलेई राज्यात गुमुरुकजवळ संयुक्त राष्ट्रांच्या ताफ्यावर हल्ला झाला आणि त्याला संरक्षण देणारे पाच भारतीय सैनिक मारले गेले. नॉमिनल रोलवर ‘जवळचा नातेवाईक’ हा रकाना अशा दिवसासाठी असतो. विमा आणि पेन्शन कुणाला मिळणार, हे ठरवताना रेकॉर्ड ऑफिसमधल्या नोंदी पाहिल्या जातात. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला. लग्न, मुलांचा जन्म, नावातला बदल या गोष्टी पलटणीने काढलेल्या पार्ट-2 ऑर्डरनेच तिथे पोहोचतात.

आपल्याकडची अडचण इथेच आहे. भरतीच्या वेळी मुलगा अविवाहित, म्हणून वारस आई. लग्नानंतर ते बदलायचं राहून जातं. लग्नात बायकोचं नाव बदलतात, काही घरांत पहिलं नावसुद्धा. मग आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं आणि पलटणीत तिसरंच. जवान जिवंत असताना ही चूक एका अर्जाने सुटते. तो नसताना तिच्यापायी विधवेला प्रतिज्ञापत्रं घेऊन महिनोन्‌महिने फिरावं लागतं.

साताऱ्यात, सांगलीत, कोल्हापुरात, कोकणात ज्यांच्या घरचा माणूस अशा मोहिमेवर निघणार असेल, त्यांना कळकळीने सांगतो. तो निघण्याआधी सुट्टीवर आला, की पत्नीचं आणि मुलांचं नाव व जन्मतारीख आधार, बँक आणि पलटणीच्या नोंदी या तिन्ही ठिकाणी एकच आहे का ते ताडून पाहा. विम्याचा वारस कोण आहे, हे त्याला विचारायला संकोच करू नका. खातं दोघांच्या नावावर करा. अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, ते याच कामासाठी आहे. आणि हे सगळं त्याची सही हाताशी असतानाच करून घ्या.