इशानंतरचे दोन तास

वेळेच्या नियोजनाचा विषय निघाला की आपल्याकडे सगळ्यांना सकाळ आठवते. लवकर उठा, फज्र वेळेवर पढा, दिवस आपोआप सुरळीत जाईल. सल्ला खरा आहे, पण अर्धा आहे. मोजा सापडत नाही, पाण्याची बाटली भरलेली नाही, "अम्मी, आज प्रोजेक्ट द्यायचंय" ही बातमी साडेसहाला कळते. घरोघरचा हा सकाळचा ताण खरे तर आदल्या रात्री, इशाच्या नमाजनंतरच्या दोन तासांत तयार झालेला असतो.

प्रेषित (स.) यांना इशाच्या आधी झोपणे आणि इशानंतर गप्पा मारत बसणे पसंत नव्हते, असे सहीह बुखारीत नमाजच्या वेळांच्या प्रकरणात नोंदलेले आहे. इल्मची चर्चा, पाहुण्यांशी किंवा घरच्यांशी बोलणे याला मुभा आहे, त्याचेही उल्लेख तिथेच पुढे येतात. ही हदीस आपण बयानांत ऐकतो, पण आपल्या थकव्याशी तिचा संबंध क्वचितच जोडतो.

साधा हिशोब करून पाहू. मुलगा साडेबाराला मोबाइल ठेवतो आणि पावणेसहाला त्याला फज्रसाठी उठवले जाते. झोप झाली सव्वापाच तास. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी, असे झोपेचे डॉक्टर सांगतात. जूनमध्ये तर सूर्योदयच सहाच्या सुमारास, म्हणजे आणखी लवकर उठणे आले. वर्गात दुसऱ्याच तासाला डोळे मिटणारी मुले आम्ही शिक्षक रोज पाहतो. पालक म्हणतात, दहावीचे टेन्शन आहे. थोडे असतेही. पण अर्धवट झोपेत वाचलेले लक्षात राहत नाही, लक्षात राहत नाही म्हणून भीती वाटते, आणि भीतीमुळे मुलगा आणखी उशिरापर्यंत पुस्तक (आणि पुस्तकाखाली मोबाइल) घेऊन बसतो. क्लास वाढवून हे चक्र थांबत नाही. मोबाइल रात्री दिवाणखान्यात चार्जिंगला ठेवला तर थांबण्याची शक्यता बरीच वाढते. मात्र अब्बांचा मोबाइलही तिथेच हवा. मुले ऐकतात कमी, पाहतात जास्त.

आता अम्मीबद्दल. वेळेचे नियोजन म्हणून बाईला जे सांगितले जाते, ते बहुधा तिच्याच यादीत आणखी एक काम घालणारे असते. इशानंतर घर टेकते, ती ओट्याशी उभी असते: भांडी, कणीक, उद्याची भाजी, सासूबाईंच्या गोळ्या. पाणी पहाटे येत असेल तर त्याचाही गजर तिच्याच उशाशी. तिला 'लवकर झोपत जा' सांगून काय उपयोग? हजरत आयशा (रजि.) यांना विचारले गेले, प्रेषित (स.) घरात काय करीत असत? घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की निघत, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. हीही बुखारीतली हदीस. नमाजची वेळ सांभाळणे आणि घरकामाला हात लावणे, दोन्ही एकाच उत्तरात आले आहे. आपल्या पुरुषांनी निम्मेच उचलले.

म्हणून इशानंतरचा पहिला अर्धा तास सगळ्या घराचा ठेवावा. दप्तर भरणे आणि गणवेश काढून ठेवणे मुलांचे काम, मुलगा असो की मुलगी. भांडी किंवा भाजी निवडणे, यातले एक अब्बांचे. शाळेची डायरी तेव्हाच पाहावी. उद्याची न विसरता येणारी दोन-तीन कामे कागदावर लिहून फ्रिजला लावावीत. दहा लिहिली तर त्याचाच ताण येतो. पहिल्या आठवड्यात चिडचिड होईल, ती होऊ द्यावी.

सकाळच्या बरकतीचेही थोडे. प्रेषितांनी (स.) आपल्या उम्मतच्या सकाळच्या वेळेसाठी दुआ केली. ती हदीस सांगणारे सख्र (रजि.) व्यापारी होते, माल दिवसाच्या सुरुवातीलाच रवाना करीत आणि संपन्न झाले, असे हदीसच्या ग्रंथांतच नमूद आहे. फज्रनंतर पुन्हा पांघरूण ओढणाऱ्या घरांत ही वेळ वाया जाते. दहावीच्या मुलासाठी रात्रीच्या दोन तासांपेक्षा हा एक तास मोलाचा, असा आमचा अनुभव आहे. संध्याकाळी मात्र थोडी सूट द्यावी. कोकणात शाफई पद्धतीने असरची वेळ हनफींपेक्षा साधारण पाऊण-एक तास आधी सुरू होते, तिथल्या मुलांना असर पढून मगरिबपर्यंत खेळायला बराच वेळ मिळतो. इतरत्र हाच वेळ ट्यूशनने खाल्लेला दिसतो.

प्रत्येक ताण वेळापत्रकाने जात नाही, हेही खरे. कर्ज, आजारपण, गेलेली नोकरी यांवर फ्रिजवरची चिठ्ठी काय करणार? घरातले कोणी दोन-दोन आठवडे नीट झोपत-जेवत नसेल, सतत उदास असेल, तर 'सब्र कर' म्हणून थांबू नये, डॉक्टरकडे न्यावे. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येते.

सुरुवात रविवारी रात्री करावी. शनिवारी पाहुणे येतात, आणि शुक्रवारी रात्री दुसऱ्या दिवशीच्या शाळेची कोणाला फारशी फिकीर नसते.