एकच नळी, दोन कामं: अन्ननलिकेतून हृदय बघणं आणि चालवणं

मागच्या वर्षी नागपुरात, धंतोलीतल्या एका हॉस्पिटलमध्ये मामांच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालं. आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, "भूल दिल्यावर घशातून नळी घालून आतून इको करू." मामा लगेच, "नाडी आधीच ५० च्या खाली आहे. भुलीत अजून घसरली तर?"

मी सॉफ्टवेअरवाला. मला वाटलं, नळी आत जाणारच आहे, तर तिच्यातूनच हृदयाला ठोके देता येणार नाहीत का?

येतात. आपली अन्ननलिका हृदयाच्या डाव्या अलिंदाला, म्हणजे वरच्या कप्प्याला, मागून अगदी खेटून जाते. मधे ना फुप्फुस, ना बरगडी. म्हणून या इकोचं, म्हणजे टीईईचं, चित्र इतकं स्वच्छ येतं. आणि म्हणूनच नळीवर इलेक्ट्रोड बसवले तर थोड्या करंटवर अलिंद ठोका देतं. थोडा म्हणजे साधारण १० ते २० मिलिअँपिअर, १० मिलिसेकंदांचा झटका. छातीवर पॅड चिकटवून हेच करायचं तर करंट कितीतरी जास्त लागतो, स्नायूही उडतात. औषधाने नाडी वाढवता येते, पण ते कधी जास्तच चढतं. पेसिंग बटण दाबलं की बंद.

खरी गंमत दोन्ही एकत्र आल्यावर आहे. पेसिंग मशीन फक्त 'सिग्नल पाठवला' एवढंच सांगतं. हृदयाने तो घेतला का? ईसीजीत झटक्याची रेघ दिसते, पण तिच्यामागे खरा ठोका आहे का हे कधी कळत नाही. त्यात सर्जनच्या विजेच्या चाकूचा गोंधळ. इकोत मात्र कप्पा आकुंचन पावताना डोळ्यांना दिसतो. आमच्या भाषेत, रिक्वेस्ट गेली आणि रिस्पॉन्सही आला.

अडचणही आहे. खालचा कप्पा नीट बघायला नळी जठरापर्यंत सरकवावी लागते. इलेक्ट्रोड टोकावरच असतील तर तेही अलिंदापासून लांब जातात आणि पेसिंग सुटतं. त्यामुळे ते टोकापासून मागे, नळीच्या अंगावर हवेत.

आणि हे चालतं फक्त वरच्या कप्प्यापुरतं. वरून खाली सिग्नल नेणारी वाटच बंद असेल (हार्ट ब्लॉक), किंवा अलिंद नुसतं थरथरत असेल, तर उपयोग नाही. अन्ननलिकेचा आजार असेल तर मुळात नळीच घालायची की नाही, हा प्रश्न.

मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "छाती उघडल्यावर सर्जन थेट हृदयावरच तात्पुरत्या तारा लावतात. प्रश्न असतो त्याआधीच्या वेळेचा." मामांची नाडी त्या वेळेत ४६ वर टिकली.